खिडक्या बसल्या, पण कागद कुठाय?

पत्र थोडं कापून देतेय:

"ताई, नमस्कार. आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. 1930 च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे, 2014 ला घेतलं. 2019 मध्ये सगळ्या खिडक्या आणि मागचा पॅटिओ डोअर बदलला. गणपतीत एका ओळखीच्यांनी माणूस सुचवला होता, त्याने बाकीच्यांपेक्षा हजारेक पौंड कमी सांगितले, काम दिसायला झकास केलं, निम्मे पैसे कॅश घेतले आणि म्हणाला सर्टिफिकेट पोस्टाने घरी येईल. ते काही आलं नाही आणि आमच्याही डोक्यातून गेलं. आता घर विकतोय, गिऱ्हाईक पक्कं झालंय आणि त्यांचा सॉलिसिटर फेन्सा सर्टिफिकेट मागतोय. त्या माणसाचा फोन बंद. एजंट म्हणतो इन्डेम्निटी घ्या आणि मोकळे व्हा. ऑफिसातला मित्र म्हणतो खिडक्या आधीच्या मालकाच्याच आहेत असं ठोकून दे, एवढ्या वर्षांनी कोण बघतंय. बायको म्हणते सोमवारी सरळ काउन्सिलला फोन लावते. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्या म्हणतात खिडकीला कसलं आलंय सर्टिफिकेट, नव्या घरात आधी ग्रिल बसवा. कुणाचं ऐकू?"

– वैतागलेला रेडिंगकर

नमस्कार रेडिंगकर,

आधी सोमवारचा फोन थांबवा. पत्राचं उत्तर नंतर सावकाश वाचलंत तरी चालेल पण वहिनींना आत्ताच्या आत्ता सांगा, काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन नको, ईमेल नको, वेबसाइटवर पत्ता टाकून चौकशीसुद्धा नको. वहिनींचं मन स्वच्छ आहे, त्यांचा मार्ग कदाचित शेवटी बरोबरही ठरेल, पण तो फोन एकदा झाला की दुसरा मार्ग बंद होतो आणि मग तो उघडता येत नाही. एजंट ज्या इन्डेम्निटीबद्दल बोलतोय तो एक विमा असतो, त्या पॉलिसीत विचारतातच की या कामाबद्दल तुम्ही काउन्सिलशी बोललात का. हो म्हटलं की पॉलिसी मिळत नाही, आणि खोटंच "नाही" सांगितलं तर मिळालेली पॉलिसी कागदाच्या किमतीची. मी एका सॉलिसिटरच्या ऑफिसात कन्व्हेयन्सिंगच्या, म्हणजे घर खरेदी-विक्रीच्या, फायली सांभाळते, वर्षाला चार-पाच तरी लोक असे भेटतात की "आम्ही प्रामाणिकपणे काउन्सिलला विचारलं" म्हणून हसत हसत सांगतात, आणि समोर बसलेल्या मला कळतं की आता यांचा महिना-दीड महिना गेला.

आता तो कागद म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण सासूबाईंचा प्रश्न अजिबात चुकीचा नाहीये. साताऱ्यात किंवा पुण्यात आपण खिडकी बदलतो म्हणजे काय करतो, फॅब्रिकेटरला बोलवतो, तो टेप लावून माप घेतो, ॲल्युमिनियमचं स्लायडिंग बसवून जातो, फार तर सोसायटीचा सेक्रेटरी विचारतो की बाहेरून रंग वेगळा दिसणार नाही ना. इथे 1 एप्रिल 2002 पासून घराची खिडकी बदलणं हे बिल्डिंग रेग्युलेशन्सखाली येणारं काम झालं. म्हणजे एकतर काम करायच्या आधी काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवायचं, त्यांचा माणूस बघून जातो आणि शेवटी कम्प्लिशन सर्टिफिकेट देतो, नाहीतर अशा माणसाकडून काम करून घ्यायचं ज्याला स्वतःच स्वतःचं काम पास करायचा अधिकार आहे. हा अधिकार ज्या योजनांमधून मिळतो त्यातली एक फेन्सा, ती त्याच वर्षी सुरू झाली, आणि तिचं नाव इतकं रुळलं की आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं लोक खिडकीच्या कुठल्याही सर्टिफिकेटला फेन्सा म्हणतात. सर्टास आहे, अशुअर आहे, तीही चालतात. त्यामुळे समोरच्या सॉलिसिटरने "फेन्सा" लिहिलं असलं तरी त्याला फक्त एवढंच हवंय की कुणीतरी अधिकार असलेल्याने हे काम नियमात बसतं असं लिहून दिलंय का. (हे सगळं इंग्लंडचं सांगतेय. स्कॉटलंडचं गणित वेगळं आहे, एडिनबरोत कुणी ओळखीचं असेल तर त्याचा सल्ला इथे लावू नका.)

तर पहिलं काम, कागद खरंच नाही का ते बघा. फेन्साच्या वेबसाइटवर घर नंबर आणि पोस्टकोड टाकून शोधता येतं, तिथे नाही सापडलं तर सर्टासकडे शोधा. हे काउन्सिलला विचारणं नाही, हे बिनधास्त करा. कधीकधी माणूस खरा रजिस्टर्ड असतो, त्याने काम नोंदवलेलं असतं आणि कागद फक्त पोस्टात हरवलेला असतो, मग थोडक्या पैशात डुप्लिकेट मिळतो आणि सगळं प्रकरण पंधरा मिनिटांत संपतं. जुनं कोटेशन, व्हॉट्सॲप, बँकेतून दिलेल्या निम्म्या पैशांची नोंद, यातून कंपनीचं नाव मिळतंय का बघा. नाव मिळालं आणि ती तेव्हा फेन्साची मेंबर होती पण काम नोंदवलं नव्हतं असं निघालं, तर आधी फेन्साशीच बोला. पण तुमच्या पत्रावरून, निम्मे कॅश, हजार पौंड स्वस्त, फोन बंद, मला फार आशा नाहीये. आणि हो, आता कुणी दुसरा फेन्सावाला गाठून "तुमच्या नावावर टाका ना हे काम" असं करता येत नाही, जो स्वतः बसवतो तोच स्वतःच्या कामाचं नोंदवू शकतो.

मित्राचं मात्र अजिबात ऐकू नका, आणि हे नीतीचं म्हणून सांगत नाहीये (ते आहेच). विकणारा म्हणून घराच्या माहितीचा जो टीए6 फॉर्म तुम्ही भरताय त्यात स्पष्ट विचारलेलं आहे की एप्रिल 2002 नंतर खिडक्या, छतातल्या खिडक्या, काचेची दारं बदलली का. तिथे "आधीच्या मालकाच्या आहेत" असं लिहिलंत तर समोरच्याला फक्त गूगल स्ट्रीट व्ह्यू उघडायचाय, त्यात जुन्या वर्षांचे फोटो बघता येतात, तुमच्या दारासमोर 2014 नंतरचा कुठला फोटो असेल तर त्यात जुन्या लाकडी खिडक्या ऐटीत उभ्या असतील. शिवाय डबल ग्लेझिंगच्या दोन काचांच्या मधे कडेने जी चंदेरी किंवा काळी पट्टी असते ना, तिच्यावर बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख छापलेली असते, टॉर्च मारला की वाचता येते. घर विकून झाल्यावरसुद्धा खोट्या उत्तरासाठी नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. खरं लिहा. "2019 मध्ये बदलल्या, सर्टिफिकेट उपलब्ध नाही." एवढं वाक्य लिहिल्याने व्यवहार मोडत नाही, मी शेकड्याने बघितलेत असे फॉर्म.

बरं, मग राहिले दोन मार्ग. एक एजंटचा आणि एक वहिनींचा.

एजंटची इन्डेम्निटी पॉलिसी म्हणजे एकदाच भरायचा हप्ता, फार महाग नसते, दोघांनी बाहेर जेवून आल्याएवढी असते बहुतेक वेळा, आणि ती नवीन मालकाच्या आणि त्याच्या बँकेच्या उपयोगाची असते, पैसे मात्र रिवाजाप्रमाणे विकणारा भरतो. तिचा अर्थ इतकाच की उद्या काउन्सिलने या कामावर कारवाई केली तर त्याचा खर्च विमा कंपनी बघेल. खिडकी नीट आहे असा त्याचा अर्थ बिलकुल नाही. खिडकीतून पाणी आलं, काच फुटून कुणाला लागलं, तर ती पॉलिसी हात वर करते. लोक ती घेतात आणि "सर्टिफाइड झालं" म्हणतात, ते चूक आहे.

वहिनींचा मार्ग म्हणजे रेग्युलरायझेशन. झालेल्या कामाला नंतर मान्यता. हे फक्त काउन्सिलच देऊ शकतं, खासगी बिल्डिंग कंट्रोलवाले देत नाहीत. अर्ज, काहीशे पौंड फी (काउन्सिलप्रमाणे बदलते, त्यांच्या वेबसाइटवर दरपत्रक असतं, ते नुसतं वाचायला कुणाला नाव सांगावं लागत नाही), मग इन्स्पेक्टर येतो, बघतो, कधी म्हणतो इथली ट्रिम काढून दाखवा, आणि काही बसत नसेल तर ते दुरुस्त केल्याशिवाय कागद देत नाही. आपल्या फायद्याची गोष्ट म्हणजे काम ज्या वेळी झालं त्या वेळचे नियम लावतात, आजचे नाही. हे लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

आणि कारवाईची भीती किती? काउन्सिल काम काढून टाकायची नोटीस देऊ शकतं, त्याची मुदत पूर्वी काम संपल्यापासून 12 महिने होती, 2022 च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टने ती आताच्या कामांसाठी 10 वर्षं केली. खिडक्यांसाठी कुणी दाराशी आलंय असं मी तरी बघितलेलं नाही. पण मित्राने जे "एवढ्या वर्षांनी कोण बघतंय" म्हटलं ते काउन्सिलपुरतं खरं धरलं तरी बघणारा काउन्सिल नसतोच, बघणारी असते घेणाऱ्याची बँक, आणि तिला तुमच्या मित्राचं मत नको असतं.

यातला कुठला घ्यायचा हे मी इथून सांगू शकत नाही, ते तुमच्या खिडक्या सांगतील. म्हणून शनिवारी सकाळी चहा झाला की टेप घ्या आणि वर जा.

आधी वरच्या बेडरूम. हा भाग मी लांबवणार आहे कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच असते आणि इथे कागदाचा नाही जिवाचा प्रश्न आहे. रात्री जिन्यात आग लागली तर वरच्या मजल्यावरच्या माणसाला खिडकीतून बाहेर पडता आलं पाहिजे, असा नियम आहे. त्यासाठी उघडणाऱ्या भागातून मोकळी जागा कमीत कमी 0.33 चौरस मीटर हवी, रुंदी आणि उंची दोन्ही 450 मिमीपेक्षा कमी नकोत, आणि त्या मोकळ्या जागेची खालची कड जमिनीपासून 1100 मिमीच्या वर नको. आता इथे लोक फसतात बघा, 450 गुणिले 450 केलं की 0.20 च होतं, म्हणजे दोन्ही बाजू कमीत कमी ठेवून चालत नाही, रुंदी 450 असेल तर उंची साधारण 735 लागते. आणि माप पल्ल्याचं नाही घ्यायचं, खिडकी पूर्ण उघडायची आणि मधल्या पोकळीचं घ्यायचं, कारण काही बिजागऱ्या अशा असतात की पल्ला उघडला तरी तो निम्मा चौकटीतच आडवा उभा राहतो आणि 500 ची खिडकी 350 ची होते.

तुमच्या घराच्या काळातल्या घरांना मूळ ज्या लाकडी किंवा लोखंडी खिडक्या असायच्या त्यांचे पल्ले बाजूला उघडणारे, चांगले मोठे. स्वस्तात बदलणारा काय करतो, खाली एक मोठी फिक्स काच आणि वर एक बारकी झडप, कारण ती बनवायला सोपी आणि दिसायला मोकळी. नियम असा की जुन्या खिडकीतून बाहेर पडता येत होतं तर नवीनमधूनही आलं पाहिजे, आधीपेक्षा वाईट करायचं नाही. आमच्याच पहिल्या घरात मागच्या बेडरूमला हेच होतं. आम्ही तीन वर्षं तिथे मुलीला झोपवत होतो. एक दिवस ह्यांनी सहज टेप लावला आणि वरची झडप उघडून मोजली, 280 मिमी. ह्यांचं डोकं पण त्यातून जाईना, खांद्याचं तर सोडाच, आणि हे करताना शेजारचे गृहस्थ बागेतून वर बघत होते ते वेगळं. सर्व्हेवाल्याने आम्हाला घर घेताना यावर एक शब्द लिहिला नव्हता. तीन आठवड्यांत खिडकी बदलली, कुणी मागितलं नव्हतं तरी.

किल्ली हीसुद्धा त्यातच येते. खिडकीला लॉक आहे आणि किल्ली ड्रॉवरमधे, कुठल्या ते माहीत नाही, अशी घरं अर्ध्याहून जास्त असतील, आपलीसुद्धा.

मग काचा. पॅटिओ डोअरला जमिनीपासून 1500 मिमीपर्यंत आणि दाराच्या दोन्ही बाजूंना 300 मिमीच्या आत असलेल्या काचांना, आणि खिडक्यांना जमिनीपासून 800 मिमीच्या खाली जी काच येते तिला सेफ्टी ग्लास लागते, टफन्ड किंवा लॅमिनेटेड. ओळखायची कशी तर काचेच्या कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढा पुसट शिक्का कोरलेला असतो, बीएस आणि नंबर वगैरे. उन्हात तिरकं बघायचं, कधी चौकटीच्या रबराखाली अर्धा दडलेला असतो. डबल ग्लेझिंगला आत एक आणि बाहेर एक अशा दोन्ही काचांवर शोधा. पुढच्या बे विंडोची (भिंतीबाहेर आलेल्या खिडकीची) खालची कड किती उंचीवर आहे तेही मोजा, त्या घरांत ती बऱ्याचदा 800 च्या खाली असते आणि लहान मुलं नेमकी तिथेच टेकून उभी राहतात. शिक्का नसेल तर सगळी खिडकी काढायची गरज नाही, तेवढं तावदान बदलता येतं.

बे विंडोचं अजून एक. जुन्या लाकडी चौकटी कधीकधी वरचं वजन पेलत असतात, ती काढून यूपीव्हीसी लावताना आत लोखंडी खांब द्यावे लागतात, आणि घाईच्या माणसाने ते दिले नाहीत तर वर्षा-दोन वर्षांत वरची खिडकी घासायला लागते, बेच्या वरच्या प्लास्टरला तिरकी चीर पडते. असलं काही दिसलं तर पॉलिसी वगैरे नंतर, आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. काहीच दिसत नसेल तर उगाच झोप घालवू नका.

हॉलमधे गॅस फायर आहे का? जुन्या खिडकीत किंवा भिंतीत त्याच्यासाठी कायम उघडी राहणारी हवेची जाळी होती आणि नव्या कामात ती गेली असेल तर गॅस सेफ रजिस्टर्ड (गॅसचं काम करायचा परवाना असलेला) माणूस बोलवा, तोपर्यंत तो फायर लावू नका.

ऊर्जेचं सगळ्यात शेवटी, कारण लोक सगळ्यात जास्त घाबरतात तेच आणि अडकत कमी. 15 जून 2022 पासून इंग्लंडात नव्या खिडकीला यू व्हॅल्यू (खिडकीतून उष्णता किती निसटते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) 1.4 किंवा ऊर्जेचा बी बँड लागतो, आणि ट्रिकल व्हेंटचा (चौकटीतल्या हवेच्या बारीक फटीचा) नियमही तेव्हापासून कडक झाला, झोपायच्या-बसायच्या खोल्यांत आणि किचनमधे 8000 चौरस मिमी वगैरे. तुमचं काम 2019 चं. तेव्हा 1.6 किंवा सी बँड चालत होता, आणि ट्रिकल व्हेंट जुन्या खिडकीला असतील तरच नव्याला लागायचे. म्हणजे चौकटीच्या वर ती फटीवाली पट्टी नाही म्हणून आज कुणी सर्व्हेयर तोंड वाकडं करत असेल तर त्याला हे सांगा. काच बरी आहे की साधी हे घरी बघायचा एक जुना खेळ आहे, अंधार पडल्यावर काचेसमोर लायटर पेटवून धरायचा आणि तिरकं बघायचं, दोन काचांचे चार पृष्ठभाग म्हणून ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, त्यातलं एक वेगळ्या रंगाचं, जरा गुलाबी-जांभळट वगैरे दिसलं तर लो-ई लेप आहे, म्हणजे उष्णता आत ठेवणारी काच आहे. चारही सारखी दिसली तर त्या माणसाने काचेतपण पैसे वाचवलेत. (पडदे बाजूला घ्या आधी. सासूबाईंना पण दाखवा, आवडेल त्यांना.)

आता निकाल. वरच्या खिडक्या मापात बसतायत, खालच्या काचांवर शिक्के आहेत, बे ठीक आहे, तर एजंटचं ऐका. पॉलिसी घ्या, घेणाऱ्यांना सॉलिसिटरमार्फत स्पष्ट सांगा की "कागद नाही, पॉलिसी देतोय, वाटलं तर तुमच्या सर्व्हेयरला खिडक्या दाखवा." आणि त्यांनीही काउन्सिलला विचारू नये हे त्यांचा सॉलिसिटर त्यांना सांगेलच, कारण त्यांच्या चौकशीनेही पॉलिसी अडचणीत येते.

पण एखादी बेडरूमची खिडकी आमच्यासारखी 280 ची निघाली, तर मला तुम्ही पॉलिसी काढून ती खोली दुसऱ्याच्या मुलांना विकावी हे पटत नाही. कायद्याने चालेल कदाचित. तेवढी खिडकी रजिस्टर्ड माणसाकडून बदला, तिचं तिचं नवीन सर्टिफिकेट येईल, उरलेल्यांना पॉलिसी. चारशे-आठशे पौंड जे जातील ते जातील, गणपतीत वाचवलेल्या हजारातून वजा करा. आणि तीन-चार ठिकाणी गडबड निघाली, किंवा घेणाऱ्याची बँक पॉलिसी मान्यच करत नाही म्हणाली, तर मग वहिनींचा मार्ग, पूर्ण रेग्युलरायझेशन, आणि तेव्हा फोन वहिनींनीच करायचा. फक्त तो शेवटी करायचा, सुरुवातीला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

नव्या घरातही कधी खिडक्या बदलाल म्हणून थोडक्यात. व्हॅनवरचा स्टिकर बघून विश्वास ठेवू नका, कंपनीचं नाव त्या योजनेच्या वेबसाइटवर स्वतः शोधा, ॲडव्हान्स द्यायच्या आधी. कोटेशनवर लिहून घ्या की सर्टिफिकेट आणि इन्शुरन्सवाली गॅरंटी यात आलीय. ॲडव्हान्स क्रेडिट कार्डाने द्या, 100 पौंडांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू-कामाला कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते, कॅशला कोण जबाबदार ते तुम्ही बघितलंच. बसवल्यापासून 30 दिवसांत त्याने काम नोंदवायचं असतं, सहा आठवडे झाले आणि काही आलं नाही की लगेच मागे लागा, पाच वर्षांनी नाही. घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जपलेल्या जुन्या वस्तीत) असेल किंवा लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीत, असेल तर हे सर्टिफिकेट वेगळं आणि प्लॅनिंगची परवानगी वेगळी, लिस्टेड घराची खिडकी न विचारता बदलणं सरळ गुन्हा आहे. फ्लॅट घेत असाल तर लीज वाचा, खिडकी बऱ्याचदा तुमची नसतेच, फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची असते. आणि नुसती काच धुरकट झाली असेल, दोन काचांच्या मधे पाणी दिसत असेल, तर चौकट तशीच ठेवून तेवढं युनिट बदलता येतं, त्याला या सर्टिफिकेटची भानगड नाही, सेल्समन मात्र सगळ्या खिडक्या विकायला बघेल.

आता सासूबाई. त्यांचं ग्रिलचं मी समजू शकते, माझ्या आईनेही इथे आल्यावर पहिल्या रात्री विचारलं होतं की या काचेला बाहेरून नुसता दगड मारला तर, आणि मग उठून दोनदा बघून आली. पण वरच्या बेडरूमला कायमचं ग्रिल बसवलं की ज्या खिडकीतून बाहेर पडायचं तीच तुरुंग होते. त्यांना ती 0.33 ची गोष्ट सांगा, टेप त्यांच्याच हातात द्या. नातवंडं खिडकीतून वाकतील ही काळजी असेल तर रेस्ट्रिक्टर मिळतो, खिडकी थोडीच उघडते आणि मोठ्या माणसाला तो हाताने सोडवता येतो. चोराची काळजी असेल तर चांगलं लॉक घ्या, आणि किल्ली त्या खिडकीशेजारीच पण बाहेरून हात पोचणार नाही अशा उंचीवर एका खिळ्याला टांगा. कुठल्या खिळ्याला कुठली किल्ली हे लक्षात ठेवायचं काम सासूबाईंकडे द्या, तुमच्याकडे नको, तुमच्याकडचा कागद पाच वर्षं कुठे होता ते आपण बघितलंय.

मापं आली की कळवा. पुढच्या बेडरूमचं आधी.

– ताई